टाकणखार घरात आणताय? आधी तो टाकणखारच आहे ना, ते बघा

आत्याकडे उडदाच्या पापडांचा घाट घातला होता. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. आत्यानं सांगितलं, ‘‘जा, कोपऱ्यावरून खार घेऊन ये.’’ दुकानदारानं विचारलं, ‘‘कुठला?’’ मी म्हटलं, ‘‘पांढरा.’’ त्यानं पुडी बांधून दिली. घरी आत्याच्या सासूबाईंनी ती उघडली, दोन खडे उजेडात धरले आणि म्हणाल्या, ‘‘हा सोनाराचा खार आहे गं, पापडाचा नव्हे.’’ पाणी उकळत होतं. आणखी दोन मिनिटं गेली असती तर तो खार पिठात गेला असता आणि पापड अख्ख्या आळीत वाटले गेले असते.

ती पुडी होती टाकणखाराची. तोच टंकणखार, सोनारांची सवागी, हिंदीतला सुहागा आणि आता सगळ्यांच्या तोंडी असलेलं बोरॅक्स. हल्ली ‘केमिकल न वापरता स्वच्छता’ अशा व्हिडिओंतून तो पुन्हा घरोघरी येऊ लागलाय. येऊ द्या, कामाचा आहे. फक्त दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. एक म्हणजे हेही केमिकलच आहे, सोडियम टेट्राबोरेट नावाचं. आणि दुसरी, त्याची जागा न्हाणीघरात, स्वयंपाकघरात नाही. खाली जे सांगतोय ते पहिल्यांदाच टाकणखार आणणाऱ्यासाठी आहे.

हे आलं कुठून

तिबेटच्या पठारावरची खारी तळी आणि लडाखच्या पुगा खोऱ्यातले गरम पाण्याचे झरे यांच्या काठी हा खार आपोआप साठतो. शेकडो वर्षं तो मेंढ्यांच्या पाठीवर लादून डोंगर उतरवत आणि पुढे युरोपातल्या सोनारांपर्यंत पोचवत. इंग्रजीतला ‘टिंकल’ हा जुना शब्द आपल्या ‘टंकण’चाच भाऊ. पुढे १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतून खेचरांच्या लांबच लांब गाड्या भरून बोरॅक्स निघू लागलं. आज जगातले सगळ्यात मोठे साठे तुर्कस्तानात आहेत.

सोनाराला तो लागतो कारण तापवल्यावर तो वितळून काचेसारखा होतो आणि सांध्यावरची मळी स्वतःत विरघळवून घेतो. त्यामुळे सोन्याचा डाग, म्हणजे झाळ, नीट धरतो. हिंदीतली ‘सोने पे सुहागा’ ही म्हण इथलीच. आपण ‘सोन्याहून पिवळं’ म्हणून मोकळे झालो.

पहिली पायरी: पुडीत काय आहे ते ओळखा

यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण गोंधळ नेमका इथेच होतो. मराठी घरात पांढऱ्या पुडींची कमी नाही. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, पापडखार, तुरटी, नवसागर, बोरिक पावडर, मीठ, पिठीसाखर. काष्ठौषधीच्या दुकानातून कागदाच्या पुडीत सुटा टाकणखार आणला की त्यावर नाव नसतं, आणि आठवड्यानं ती पुडी कशाची होती ते घरात कुणालाच आठवत नाही.

चव घेऊन बघायची नाही. दुकानदारानं स्वतः चाखून दाखवलं तरी नाही. त्याऐवजी घरात असलेल्या हळद आणि व्हिनेगरवर काम भागतं:

१. निकामी झालेल्या काचेच्या ग्लासात दोन चमचे गरम पाणी घ्या, त्यात अर्धा चमचा पूड विरघळवा आणि निवू द्या.

२. त्यात चिमूटभर हळद टाका आणि रंग बघा.

३. वेगळ्या बशीत थोडी कोरडी पूड घ्या आणि वर व्हिनेगरचे पाच-सहा थेंब सोडा. फेस येतो का बघा.

हळद तांबूस झाली आणि बशीत फेस आला नाही, तर तो टाकणखार असण्याची शक्यता मोठी. हळद लाल आणि फेसही भरभरून, तर धुण्याचा सोडा किंवा पापडखार. खायच्या सोड्यालाही फेस येतो, पण हळद फारशी लाल होत नाही, केशरीकडे झुकते. हळद पिवळीच राहिली आणि फेसही नाही, तर तुरटी, मीठ, नवसागर, बोरिक पावडर यांपैकी काहीतरी आहे. टाकणखार नक्की नाही. चुन्यानंही हळद लाल होते आणि फेस येत नाही, पण चुन्याचं पाणी दुधासारखं गढूळ दिसतं, टाकणखाराचं गरम पाण्यात नितळ होतं.

ज्यांच्या आजीनं घरी कुंकू केलेलं आहे त्यांना हा लाल रंग नवा नाही. हळकुंडं, टाकणखार आणि लिंबाचा रस, जुन्या पद्धतीचं कुंकू असंच होतं. खारामुळे आलेली साधी लाली लिंबू पिळलं की उडून जाते. पण टाकणखारातलं बोरॉन हळदीतल्या कुर्कुमिनला आंबट रसात धरून बसतं आणि वाळताना पक्का लाल रंग देतं. म्हणून अशा कुंकवाला टाकणखारच लागतो.

तव्यावर तापवला की टाकणखार फुलतो, त्याची लाही होते, हीसुद्धा जुनी खूण आहे. पण तुरटीही तशीच फुलते, तेव्हा एकट्या त्या खुणेवर जाऊ नका.

बोरिक पावडरबद्दल दोन शब्द. केमिस्टकडे मिळते ती आणि कॅरमच्या पटावर भुरभुरतात ती पुष्कळदा हीच. टाकणखाराची ती सख्खी बहीण, पण एक खार आणि दुसरं आम्ल. धुण्याच्या कामाला बोरिक उपयोगाचं नाही. विषारीपणात मात्र दोघी सारख्याच. कॅरम खेळून झाल्यावर पोरांना हात धुवायला लावा, भजी नंतर.

परदेशात असाल तर गणित वेगळं. अमेरिकेत कपडे धुण्याच्या सामानाच्या रांगेत बोरॅक्सचा खोका सहज मिळतो. युरोपात तो सामान्य ग्राहकाला विकत नाहीत, कारण प्रजननाला घातक ठरणाऱ्या पदार्थांत त्याची गणना केली आहे. ब्रिटनमध्ये ‘बोरॅक्स सबस्टिट्यूट’ असं लिहिलेला डबा मिळतो. ते बोरॅक्स नाहीच, सोड्याच्या कुळातलं सोडियम सेस्क्विकार्बोनेट आहे. व्हिनेगर टाकलंत तर फसफसेल, मग पूड खोटी निघाली म्हणून दुकानाशी भांडू नका.

दुसरी पायरी: डबा आणि जागा

घट्ट झाकणाचा, आरपार न दिसणारा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘टाकणखार – विषारी – खायचा नाही’ असं लिहा आणि आणल्याची तारीख टाका. डबा न्हाणीघराच्या वरच्या फळीवर ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही असा. मोजायला एक प्लास्टिकचा चमचा कायमचा त्यातच राहू द्या. जुन्या साखरेच्या, हॉर्लिक्सच्या किंवा लोणच्याच्या बरणीत तो कधीही भरू नका. आपल्याला ठाऊक असतं, पण मदतीला येणाऱ्या मावशींना किंवा सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना नसतं.

तिसरी पायरी: कपडे

टाकणखाराचं खरं काम हे. बोअरवेलचं किंवा विहिरीचं पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही आणि पांढरे कपडे करडे पडत जातात. पाण्यातला चुना आणि मॅग्नेशियम साबणाला धरून ठेवतात म्हणून असं होतं. टाकणखार पाणी थोडं मऊ करतो आणि त्याचा सामू (पीएच) ९.२ च्या आसपास धरून ठेवतो. त्या पातळीला घाम आणि तेलकट डाग सुटतात. धुण्याचा सोडा याहून बराच कडक, हात सोलवटून काढणारा. टाकणखार सौम्य आहे.

नवशिके चुकतात ते विरघळवण्यात. थंड पाण्यात हा खार विरघळायला कुरकुरतो. १०० मिलीलीटर पाण्यात जेमतेम ५ ग्रॅम. कोरडी पूड थेट कपड्यांवर टाकली तर खडे शिवणीत अडकून बसतात. म्हणून:

१. तांब्याभर कडकडीत पाण्यात दोन सपाट मोठे चमचे टाकणखार, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा.

२. १५ लिटरच्या बादलीत कोमट पाणी घ्या, त्यात हे ओता. नेहमीची पावडर नेहमीपेक्षा थोडी कमी घाला.

३. पांढरे सुती कपडे, पंचे, चादरी, बाळाचे लंगोट अर्धा तास भिजू द्या.

४. घासा आणि स्वच्छ पाण्यातून दोनदा खळबळा. लंगोट आणि अंतर्वस्त्रं तीनदा. अंगाला लागणाऱ्या कापडात खार उरता कामा नये.

टॉप लोड यंत्रात पाव वाटी, फ्रंट लोडमध्ये दोन मोठे चमचे पुरे. तेही आधी विरघळवून. रेशीम आणि लोकर यांना खार सोसत नाही. पैठणीच्या जवळपासही टाकणखार नेऊ नका. गडद रंगाच्या कपड्यांचा एक कोपरा आधी भिजवून बघा.

रक्ताचा डाग असेल तर आधी गार पाण्यात धुवा, मग टाकणखाराच्या निवलेल्या पाण्यात भिजवा. गरम पाणी आधी लागलं तर डाग बसतो, मग कुठलाच खार त्याला उठवत नाही.

चौथी पायरी: न्हाणीघर आणि फरशी

ओल्या स्पंजवर चमचाभर पूड घ्या आणि टाइल्सवर, बेसिनमध्ये, बादलीच्या आतल्या बुळबुळीत थरावर घासा. टाकणखार कठीणपणाच्या मोजपट्टीवर २ ते २.५ भरतो, काच साडेपाचच्या आसपास. त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. पाच मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुऊन टाका, नाहीतर वाळल्यावर पांढरा पापुद्रा दिसतो.

जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड टाकलं की दगड खाल्ला जातो आणि चमक कायमची जाते. अशा फरशीवरच्या साबणाच्या थराला टाकणखार उत्तम, कारण तो दगडाला धक्का लावत नाही. मार्बललाही तेच लागू.

आता जे जमत नाही तेही सांगतो. नळावर आणि शॉवरवर जड पाण्याचा जो पांढरा कडक थर चढतो तो टाकणखारानं निघत नाही. तिथे आम्लच लागतं, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा. केस अडकून तुंबलेली मोरी याच्यानं उघडत नाही. आणि ‘टाकणखार अधिक व्हिनेगर’ हा व्हिडिओवाल्यांचा लाडका जोड म्हणजे निव्वळ वाया घालवणं आहे. खार आम्लाला मारतो, आम्ल खाराला मारतं, हाती खारट पाणी आणि थोडं बोरिक आम्ल.

कचऱ्याच्या डब्याचा वास जाण्यासाठी धुऊन वाळवलेल्या डब्याच्या तळाशी एक मोठा चमचा पसरा, वर पिशवी लावा. गादीवर भुरभुरून व्हॅक्यूम करायचा सल्ला काही जण देतात. मी देत नाही. झोपायच्या जागी उडणारी पूड रोज रात्री नाकात कशाला? तिथे खायचा सोडा वापरा. चहाचे डाग पडलेले कप, थर्मास, टिफिन, ओटा यांनाही तोच नियम. तोंडाला लागणाऱ्या वस्तूंना खायचा सोडा पुरेसा असताना टाकणखार आणायचं कारण नाही.

पाचवी पायरी: मुंग्या आणि झुरळं

मुंग्यांच्या आमिषात माणसं हात सैल सोडतात आणि फसतात. विष जास्त झालं की कामकरी मुंगी वाटेतच मरते, वारुळातल्या राणीपर्यंत काही पोचत नाही. प्रमाण १ टक्क्याच्या आसपास हवं. एक कप, म्हणजे २०० मिलीलीटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा टाकणखार. कापसाचा बोळा त्यात भिजवा, जुन्या डबीत ठेवा, झाकणाला बारीक भोक पाडा, झाकण चिकटपट्टीनं बंद करा. डबी मुंग्यांच्या वाटेवर ठेवून द्या. पहिल्या दिवशी मुंग्या उलट वाढल्यासारख्या दिसतील. घाबरून खडू ओढू नका, फवारा मारू नका. आठ-दहा दिवस लागतात. बोळा सुकला की बदला.

झुरळांना टाकणखारापेक्षा बोरिक पावडर बरी. कणीक, साखर, दूध आणि बोरिक यांच्या गोळ्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात. त्या लागू पडतात, पण दिसायला पेढ्यासारख्या. रांगतं बाळ, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर गोळ्या करूच नका. फ्रिजच्या मागे, कपाटाच्या खालच्या फटीत पावडरचा अगदी पातळ, दिसेल न दिसेलसा थर द्या. ढीग घातला तर झुरळ वळसा घालून जातं. पातळ थरातून चालताना ती पायाला लागते आणि पाय साफ करताना पोटात जाते.

जिथे वापरायचा नाही

तोंडात. यावर वाद नको.

तान्ह्याचं तोंड आलं की टाकणखाराची लाही मधात खलून लावायची, ही रीत अजूनही काही घरांत आहे. ती थांबवा. ब्रिटनमध्ये बाळाच्या चोखणीला बोरॅक्स आणि मध लावायची अशीच पद्धत होती. १९८३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी अशा सात तान्ह्यांची हकिगत छापली. सगळ्यांना झटके येत होते, चोखणीवरचं मिश्रण बंद केल्यावर थांबले. जुन्या वैद्यकीय ग्रंथांत तान्ह्याच्या जिवावर बेतणारं बोरिक आम्लाचं प्रमाण २ ते ३ ग्रॅम दिलं आहे. टाकणखाराचा एक सपाट छोटा चमचा साधारण ४ ग्रॅमचा भरतो. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नसतो, ते वेगळंच. आयुर्वेदाच्या काही औषधांत टंकण असतं हे खरं. पण ते शोधन करून, मोजून, वैद्यांनी दिलेलं. घरी तव्यावर फुलवून केलेलं ‘आमचं नेहमीचं’ हे औषध नव्हे.

गुडघेदुखीवर चिमूटभर बोरॅक्स पाण्यातून घ्या, असं २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर फार फिरलं आणि तिथून काकांच्या ग्रुपवर आलं. काकांना नम्रपणे नाही म्हणा. पापड, फरसाण, शेव, नूडल्स कुरकुरीत करायला कुणी सुचवला तरी नाही. आपल्याकडच्या अन्नात त्याला परवानगी नाही.

डोळे धुवायला घरी बोरिकचं पाणी करू नका. फुटलेल्या, भाजलेल्या, खरचटलेल्या त्वचेवर टाकणखार लावू नका. धडधाकट कातडीतून तो फारसा आत जात नाही, जखमेतून सहज जातो. हाताला चिरा असतील तर रबरी हातमोजे घाला. पूड ओतताना खिडकी उघडी ठेवा, तोंड बाजूला करा. गरोदर बाईनं हे काम दुसऱ्या कुणाकडे सोपवावं.

फेविकॉल आणि बोरॅक्सचं स्लाइम पोरांना फार आवडतं. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांनी मोठ्यांच्या नजरेखाली करायला हरकत नाही, द्रावण मोठ्यांनी करून द्यावं. शेजारी बसलेल्या अडीच वर्षांच्या भावाच्या हाती मात्र तो गोळा जाऊ नये.

झाडांचंही ऐका. बोरॉन पिकाला हवंच असतं. फ्लॉवरचा गड्डा तपकिरी पडला, दांडा आतून पोकळ निघाला की शेतकरी बोरॉन कमी पडलं म्हणतात. खताच्या दुकानात बोरॅक्स साडेदहा टक्के बोरॉनचं म्हणून मिळतं. पण गरज आणि विष यांत अंतर फार थोडं. भिजवणीचं पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलंत तर काही दिवसांत पानांच्या कडा करपतात. ते मोरीतच सोडा.

आणि ब्लीच, टॉयलेटचं ॲसिड, फिनेल यांच्या बादलीत टाकणखार मिसळू नका. टाकणखारामुळे स्फोट वगैरे होत नाही. पण एकदा बादलीत ‘अजून थोडं हे’ करायची सवय लागली की पुढच्या वेळी ब्लीचमध्ये ॲसिड पडतं, आणि त्यातून क्लोरीन वायू निघतो.

कुणाच्या पोटात गेलाच तर

उलटी काढायला जाऊ नका. मीठ-पाणी नको, घशात बोटं नकोत. तोंडातली पूड पुसून काढा, पाण्यानं चूळ भरायला लावा. किती गेला असेल याचा अंदाज घ्या आणि डबा किंवा पुडी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर फोनवर सल्ला देतं. मळमळ, उलट्या (कधी हिरवट-निळ्या), जुलाब, अंग लालभडक होणं, नंतर कातडी सुटणं, झटके, लघवी कमी होणं ही लक्षणं. लहान मुलाच्या बाबतीत लक्षणांची वाट बघत बसू नका.

डोळ्यात गेला तर नळाच्या हलक्या धारेखाली १५ मिनिटं डोळा उघडा धरून धुवा. चोळू नका. तरी चुरचुरत राहिला तर डॉक्टर.

आत्याच्या सासूबाईंनी त्या दिवशी पुडी परत पाठवली नाही. ‘‘आणलाच आहेस तर ठेव,’’ म्हणाल्या, आणि पुडी माळ्यावर टाकली. पुढच्या रविवारी त्या पाण्यात आजोबांची धोतरं भिजली. पापडखार आणायला मात्र आत्या स्वतः गेली.